प्रबळ सरदार की दुबळा राजा?

ऑगस्ट १४६९. पूर्व इंग्लंडमधील नॉरफॉक परगण्यात, समुद्रापासून काही मैलांवर उभ्या असलेल्या कॅस्टरच्या विटांच्या किल्ल्याला वेढा पडला होता. वेढा घालणारे सैन्य परकीय नव्हते आणि राजाविरुद्ध उठलेल्या बंडखोरांचेही नव्हते. ते होते त्याच परगण्यातील सर्वांत मोठ्या सरदाराचे, नॉरफॉकचा ड्यूक जॉन मोब्रे याचे. त्या काळच्या एका नोंदीनुसार ड्यूकची माणसे तीन हजार होती आणि सोबत तोफाही होत्या. किल्ल्यात होती जेमतेम तीस माणसे. त्यांचा म्होरक्या होता पास्टन घराण्यातील पंचविशीचा एक तरुण, धाकटा जॉन पास्टन.

पास्टन मंडळी काही गुन्हेगार नव्हती. किल्ल्याचा मूळ मालक सर जॉन फास्टॉल्फ १४५९ मध्ये निपुत्रिक वारला. त्याच्या मृत्युपत्राच्या आधारे किल्ल्यावर पास्टन घराण्याने हक्क सांगितला होता. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्यांपैकी काहींनी मात्र तोच किल्ला परस्पर ड्यूकला विकून टाकला. वाद दिवाणी स्वरूपाचा होता, न्यायालये अस्तित्वात होती, कायदाही स्पष्ट होता. तरीही निकाल लावला तो तोफांनी. किल्ल्यातील अन्न आणि दारूगोळा संपत आल्याचे मार्गारेट पास्टन आपल्या थोरल्या मुलाला पत्रांतून कळवळून सांगत राहिली. सप्टेंबरअखेर धाकट्या जॉनने किल्ला खाली केला.

या सगळ्यात राजा कोठे होता? वेढा पडला तेव्हा एडवर्ड चौथा स्वतःच कैदेत होता. एकेकाळी त्याला सिंहासनावर बसविणाऱ्या वॉरिकच्या अर्लनेच त्याला पकडून ठेवले होते. न्याय मागायचा तर तो कोणाकडे, हा पास्टन कुटुंबापुढचा प्रश्न होता. आणि असा प्रसंग ओढवतोच कसा, हा इतिहासकारांपुढचा प्रश्न आहे. सरदार माजले म्हणून राजसत्ता कोलमडली, की राजसत्ता ढिली पडली म्हणून सरदार मोकाट सुटले? वरवर शब्दच्छल वाटणाऱ्या या प्रश्नाचे जुने उत्तर ज्या अभ्यासकाने उलटे फिरविले, त्याचे नाव केनेथ ब्रूस मॅकफार्लेन.

जुने उत्तर

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचा मध्ययुगीन इतिहास प्रामुख्याने राज्यघटनेचा इतिहास म्हणून लिहिला गेला. ऑक्सफर्डचे प्राध्यापक आणि पुढे बिशप झालेले विल्यम स्टब्ज यांचा तीन खंडांतील घटनात्मक इतिहास १८७४ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला आणि दोन पिढ्यांनी तो प्रमाणग्रंथ मानला. स्टब्ज यांच्या मांडणीत इतिहासाला एक दिशा होती. राजाची अनियंत्रित सत्ता हळूहळू कमी होत जाते, संसद वाढत जाते आणि अखेर आधुनिक इंग्लंड उदयाला येते. या वाटचालीत पंधरावे शतक मात्र खड्ड्यासारखे होते. संसदेचा अकाली प्रयोग फसला, सरदारांनी खासगी फौजा बाळगल्या, न्यायालये दहशतीखाली गेली आणि देश ‘गुलाबांच्या युद्धां’त होरपळला, असे ते चित्र होते.

या दुरवस्थेला नाव मिळाले १८८५ मध्ये. हेन्री सहाव्याच्या काळातील सरन्यायाधीश सर जॉन फोर्टेस्क्यू याने इंग्लंडच्या राज्यकारभारावर एक ग्रंथ लिहिला होता. राजापेक्षा श्रीमंत झालेला प्रजाजन हा राज्याला धोका असतो, असा इशारा त्यात होता. या ग्रंथाची आवृत्ती संपादित करताना चार्ल्स प्लमर यांनी ‘बास्टर्ड फ्यूडलिझम’ हा शब्दप्रयोग केला. मराठीत त्याला ‘अनौरस सरंजामशाही’ म्हणता येईल. मूळ सरंजामशाहीत जमिनीच्या मोबदल्यात सेवा मिळत असे. राजाने सरदाराला जमीन द्यायची, सरदाराने आपल्या हाताखालच्या नाइटला द्यायची आणि त्याने लढाईला उभे राहायचे. ते नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत मात्र जमिनीऐवजी रोख पैसा आला. सरदार वार्षिक मानधन देऊन माणसे बांधून घेऊ लागला, त्यांना आपला बिल्ला आणि आपल्या रंगाचा पोशाख देऊ लागला. प्लमर यांच्या दृष्टीने हा जुन्या व्यवस्थेचा ऱ्हास होता. निष्ठेची जागा पैशाने घेतली आणि भाडोत्री गुंडगिरीला तोंड फुटले, असा त्याचा अर्थ लावला गेला.

हिशेबाच्या वह्यांतील इतिहास

मॅकफार्लेन यांचा जन्म १९०३ चा. १९२७ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात फेलो म्हणून रुजू झाले आणि १९६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. हयातीत त्यांनी फार थोडे छापले. धर्मसुधारक जॉन विक्लिफवरचे एक छोटे पुस्तक आणि मोजके शोधनिबंध, एवढीच त्यांची प्रकाशित संपदा. तरीही त्यांचा दबदबा मोठा होता. १९५३ मध्ये ऑक्सफर्डची मानाची ‘फोर्ड व्याख्याने’ त्यांनी इंग्लिश सरदारवर्गावर दिली. ती ऐकणाऱ्यांना आपण काहीतरी नवे ऐकत आहोत याची जाणीव झाली. परंतु मॅकफार्लेन यांनी ती छापायला दिली नाहीत. अजून तपासायचे आहे, अजून कागद पाहायचे आहेत, असे करता करता वर्षे गेली. अखेर त्यांच्या मृत्यूनंतर शिष्यांनी टिपणे जुळवून ‘द नोबिलिटी ऑफ लेटर मिडीव्हल इंग्लंड’ हा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. नाटककार म्हणून पुढे जगभर नाव मिळविलेले अ‍ॅलन बेनेट हेही एकेकाळी त्यांच्या मार्गदर्शनाखाली रिचर्ड दुसऱ्याच्या परिवारावर संशोधन करीत होते.

मॅकफार्लेन यांचे वेगळेपण त्यांच्या साधनांत होते. आधीच्या इतिहासकारांनी सरदारांकडे राजाच्या खिडकीतून पाहिले होते. त्यांचा आधार म्हणजे राजदरबाराचे दप्तर, संसदेच्या नोंदी आणि मठांतील बखरी. या कागदांत सरदार दिसतो तो बंड करताना, विरोध करताना किंवा शिरच्छेद होताना. उरलेले आयुष्य तो काय करतो, हे त्यांत येत नाही. मॅकफार्लेन यांनी सरदारांच्या स्वतःच्या दप्तराकडे मोर्चा वळविला. जहागिरीच्या वसुलीचे हिशेब, घरखर्चाच्या वह्या, मृत्युपत्रे, विवाहाचे करार, मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या चौकशा आणि माणसे बांधून घेण्याचे करारनामे त्यांनी वर्षानुवर्षे वाचले. त्यातून उभा राहिलेला सरदार बखरींतल्या सरदारापेक्षा फार निराळा होता. तो अष्टौप्रहर तलवार उपसून बसलेला नव्हता. त्याला वसुलीची, मुलींच्या हुंड्याची, वारसाची आणि शेजाऱ्याशी चाललेल्या दाव्याची काळजी होती.

बिल्ला आणि करारनामा

अनौरस सरंजामशाहीवरचा मॅकफार्लेन यांचा मूळ निबंध दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. प्लमर यांचे नाव त्यांनी कायम ठेवले, पण त्यातील दूषण काढून टाकले. ‘अनौरस’ म्हणजे नासलेले नव्हे, तर वरून जुन्यासारखे दिसणारे पण आतून निराळे असे काही, असा अर्थ त्यांनी घेतला.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे ‘इंडेन्चर’ नावाचा करारनामा. एकाच चर्मपत्रावर करार दोनदा लिहायचा, मधोमध दातेरी रेषेत कापायचा आणि एकेक भाग दोघांनी ठेवायचा. वाद झाला तर दाते जुळवून पाहायचे. या करारात नाइट किंवा एस्क्वायर शांततेत आणि युद्धात धन्याची सेवा करण्याचे वचन देई. धनी त्याला बहुधा आयुष्यभरासाठी ठराविक वार्षिक रक्कम बांधून देई. लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट हा चौदाव्या शतकातील सर्वांत श्रीमंत सरदार. त्याचे वार्षिक उत्पन्न १२ हजार पौंडांच्या घरात होते आणि त्याच्याशी करारबद्ध असलेल्या नाइट व एस्क्वायरांची संख्या शंभराहून अधिक होती.

अशा परिवाराचा उपयोग केवळ मारामारीसाठी होता, हा समज मॅकफार्लेन यांना मान्य नव्हता. फ्रान्सशी चाललेल्या दीर्घ युद्धात राजाला सैन्य मिळाले ते याच मार्गाने. राजा सरदाराशी करार करी, सरदार आपल्या माणसांशी. घरच्या बाजूलाही हीच नाती उपयोगी पडत. त्या काळच्या इंग्लंडमध्ये खडी फौज नव्हती, पोलीस नव्हते, पगारी नोकरशाही अत्यल्प होती. परगण्याचा शेरिफ, शांतता राखणारे न्यायाधिकारी, करवसुली करणारे आयुक्त हे सारे स्थानिक जमीनदारांतून नेमले जात. राजाचा हुकूम लंडनहून निघाला तरी नॉरफॉकमध्ये किंवा डेव्हनमध्ये तो अमलात येणार की नाही, हे या जमीनदारांवर आणि ते ज्याला मानत त्या सरदारावर अवलंबून असे. सरदाराचा परिवार हा राज्यकारभाराला लागलेला रोग नव्हता. राज्यकारभार चालत होता तोच त्याच्या आधाराने.

शिवाय हे नाते एकतर्फी नव्हते. जमीनदाराला चांगला धनी हवा असे, म्हणजे दाव्यात पाठीशी उभा राहणारा, तंटा मिटविणारा, मुलाला कोठेतरी चिकटवून देणारा. धन्याने हे केले नाही तर जमीनदार दुसऱ्याकडे जाई, किंवा एकाच वेळी दोघा-तिघांकडून मानधन घेई. संसदेतील सामान्य सभागृहात बसलेले परगण्यांचे प्रतिनिधी हे सरदारांच्या तालावर नाचणारे होते, हा समजही मॅकफार्लेन यांनी खोडून काढला. हे प्रतिनिधी स्वतः जमीनदार होते आणि त्यांना स्वतःचे हितसंबंध होते. बिल्ले वाटण्याच्या प्रथेविरुद्ध सभागृहात तक्रारी झाल्या, १३९० मध्ये त्यावर निर्बंधही आले. सारेच सभासद सरदारांचे मिंधे असते तर हे घडले नसते.

वंश, विधवा आणि वारस

मॅकफार्लेन यांच्या ग्रंथातील सर्वांत धक्कादायक भाग आकडेमोडीचा आहे. १३०० ते १५०० या दोनशे वर्षांत संसदेचे व्यक्तिगत आमंत्रण मिळणाऱ्या घराण्यांचे त्यांनी पंचवीस-पंचवीस वर्षांचे हिशेब मांडले. दर पंचवीस वर्षांत सुमारे एक चतुर्थांश घराण्यांचा पुरुषवंश खुंटत होता. हे केवळ युद्धकाळात नव्हे, शांततेच्या काळातही घडत होते. कारणे साधी होती. मुलगे न होणे, झाले तर लहानपणीच जाणे, वाचले तर निपुत्रिक राहणे. गुलाबांच्या युद्धांनी जुना सरदारवर्ग संपविला आणि त्यामुळे ट्यूडर राजांना रान मोकळे मिळाले, ही शाळेच्या पुस्तकांत रुजलेली समजूत या आकड्यांपुढे टिकली नाही. त्या युद्धांच्या काळातही घराणी संपण्याचा वेग नेहमीपेक्षा फारसा वेगळा नव्हता.

याचा अर्थ असा, की सरदारवर्ग ही राजापुढे शतकानुशतके उभी असलेली अभेद्य भिंत नव्हती. तो सतत झिजत होता आणि सतत नव्याने भरला जात होता. जुन्या घराण्यांच्या जमिनी मुलींच्या लग्नांतून दुसरीकडे जात. नवी माणसे राजसेवेतून, वकिलीतून आणि युद्धातून वर येत. कॅस्टरचा किल्ला बांधणारा फास्टॉल्फ हे त्याचे ठळक उदाहरण. नॉरफॉकच्या एका साध्या घराण्यातला हा माणूस फ्रान्समधील युद्धात लूट, खंडण्या आणि पदे यांतून श्रीमंत झाला. तो पैसा त्याने मायदेशी जमिनींत कसा गुंतविला, याचा मागोवा मॅकफार्लेन यांनी १९५७ मध्ये एका स्वतंत्र निबंधात घेतला.

जमीन टिकविण्यासाठी सरदारांनी कायदेशीर युक्त्याही काढल्या. विशिष्ट वारसांपुरतीच जमीन बांधून ठेवणे, विश्वासातील माणसांच्या नावे ती करून देणे, विवाहाच्या वेळी पती-पत्नींच्या संयुक्त नावे मालमत्ता ठेवणे असे मार्ग रूढ झाले. त्याचा एक परिणाम असा, की दीर्घायुषी विधवा घराण्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा दशकानुदशके सांभाळून बसत. नॉरफॉकच्या मोब्रे घराण्यातच हे घडले. दुसऱ्या ड्यूकची विधवा कॅथरिन नेव्हिल १४३२ मध्ये पती गेल्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक जगली आणि साठी उलटल्यावर १४६५ मध्ये तिने राणीच्या विशीतील भावाशी चौथे लग्न केले. घराण्याच्या जमिनींचा मोठा भाग तिच्याकडे असताना तिच्या नातवाच्या, म्हणजे चौथ्या ड्यूकच्या हाती पदवी मोठी आणि उत्पन्न तोकडे, अशी अवस्था होती. कॅस्टरच्या भिंतीवर तोफा डागणारा ड्यूक तो हाच. ‘अतिप्रबळ’ म्हणून ओळखले जाणारे सरदार अनेकदा असे चणचणीत असत.

राजांची परीक्षा

सरदार स्वभावतः राजाचे शत्रू नव्हते, तर मग तंटे होत कशामुळे? मॅकफार्लेन यांनी बोट ठेवले ते राजाच्या व्यक्तिमत्त्वावर आणि कौशल्यावर. इंग्लंडचे राज्य हा राजा आणि सरदार यांचा भागीदारीतला व्यवहार होता. एक भागीदार अप्रामाणिक किंवा असमर्थ निघाला की व्यवहार बुडे.

एडवर्ड पहिला (१२७२-१३०७) हा कायदे करणारा कर्तबगार राजा म्हणून गौरविला गेला आहे. मॅकफार्लेन यांनी १९६५ मध्ये त्याच्या अर्लांशी असलेल्या व्यवहारांची छाननी केली आणि वेगळेच चित्र समोर आले. १२९३ मध्ये इझाबेला द फोर्झ ही धनाढ्य सरदारीण मृत्युशय्येवर असताना राजाच्या माणसांनी तिच्याकडून आइल ऑफ वाइट हे बेट ६ हजार मार्कांना लिहून घेतले. काही तासांतच ती वारली आणि तिचा वारस ह्यू कोर्टनी बेटाला मुकला. नॉरफॉकचा अर्ल रॉजर बिगड याने १३०२ मध्ये आपल्या जमिनी राजाच्या स्वाधीन केल्या, तेव्हा राजाने त्या परत देताना फक्त त्याच्या औरस संततीपुरत्याच दिल्या. बिगड निपुत्रिक होता. १३०६ मध्ये तो गेला आणि त्याच्या भावाला डावलून सारे काही राजाकडे आले. कायद्याचा रक्षक म्हणविणारा राजाच वारसांचे हक्क गिळत होता. मुलगा एडवर्ड दुसरा याला गादीबरोबर हा अविश्वासही वारशात मिळाला. त्याने त्यात आपल्या लाडक्यांची भर घातली आणि १३२७ मध्ये गादी गमावली.

नातू एडवर्ड तिसरा याने उलटा मार्ग धरला. मार्च १३३७ मध्ये त्याने एकाच संसदेत सहा नवे अर्ल केले. त्यांना जमिनी दिल्या, फ्रान्सच्या स्वारीत सोबत घेतले, गार्टरच्या मानाच्या मंडळात आपल्याबरोबरीने बसविले. सरदार बलवान झाले म्हणून राजा दुबळा झाला नाही. पन्नास वर्षांच्या त्याच्या कारकिर्दीत सरदारांचे मोठे बंड झाले नाही.

रिचर्ड दुसरा याने मात्र पांढऱ्या हरणाचा बिल्ला वाटून स्वतःचाच एक पक्ष उभा केला. १३९९ मध्ये जॉन ऑफ गाँट वारला, तेव्हा परदेशी हद्दपार असलेल्या त्याच्या मुलाचा वारसा राजाने जप्त केला. देशातील सर्वांत मोठ्या घराण्याचा वारसा सुरक्षित नसेल तर आपला कसा राहील, हा प्रश्न प्रत्येक जमीनदाराच्या मनात उभा राहिला. काही महिन्यांतच तो मुलगा परतला आणि हेन्री चौथा म्हणून राज्यावर बसला.

हेन्री पाचवा (१४१३-१४२२) हा मॅकफार्लेन यांच्या दृष्टीने राजपदाचा आदर्श. १४१४ मध्ये त्याने आपले सर्वोच्च फौजदारी न्यायालय मिडलंड्समधील अशांत परगण्यांत धाडले. श्रॉपशरमध्ये ज्यांच्यावर आरोप ठेवले गेले, त्यांत खुद्द राजाचा जिवलग असलेल्या अरुंडेलच्या अर्लची माणसे होती. मित्राची माणसे म्हणून त्यांना आरोपांतून सुटका मिळाली नाही. मात्र त्यांचा सूडही उगवला गेला नाही. अनेकांना माफी मिळाली आणि पुढच्याच वर्षी राजाबरोबर फ्रान्सला जाण्याची संधी मिळाली. सरदार तेच, बिल्ले तेच, करारनामे तेच. फरक होता तो राजात.

रिकामे सिंहासन

हेन्री सहावा अवघ्या नऊ महिन्यांचा असताना १४२२ मध्ये गादीवर आला. बालपणीची वर्षे सरदारांच्या मंडळाने एकंदरीत जबाबदारीने निभावली. खरे संकट आले ते तो वयात आल्यावर. मागेल त्याला देणारा आणि सांगेल त्याचे ऐकणारा असा हा राजा होता. १४३७ मध्ये कॉर्नवॉलमधील राजाच्या जमिनींचे कारभारीपद विल्यम बॉनव्हिलला आजन्म दिलेले असताना १४४१ मध्ये जवळजवळ तेच पद त्याचा प्रतिस्पर्धी असलेल्या डेव्हनच्या अर्लला देण्यात आले. एका निष्काळजी सहीने दोन घराण्यांतील वैर पेटले. ते धुमसत राहिले आणि ऑक्टोबर १४५५ मध्ये अर्लच्या मुलाने माणसे नेऊन निकोलस रॅडफर्ड या वृद्ध वकिलाचे घर लुटले. वकिलाचा खून झाला.

पास्टन कुटुंबाने हेही दिवस अनुभवले. १४४८ मध्ये लॉर्ड मोलिन्स याने त्यांची ग्रेशमची मालमत्ता बळकावली. त्या वर्षीच्या एका पत्रात मार्गारेटने लंडनला असलेल्या पतीकडे तीरकमठे आणि परशू मागविले. त्याच पत्रात बदाम, साखर आणि मुलांच्या कपड्यांसाठी कापडही मागविले आहे. वाणसामानाच्या यादीत शस्त्रे येऊन बसली, यावरून राज्यकारभाराची अवस्था कळते. जानेवारी १४५० मध्ये मोलिन्सची माणसे पुन्हा आली आणि मार्गारेटला घराबाहेर काढण्यात आले. हल्लेखोर हजार होते, असे तिच्या पतीने राजाकडे केलेल्या अर्जात म्हटले आहे.

नॉर्मंडी १४५० मध्ये हातची गेली. ऑगस्ट १४५३ मध्ये राजाला वेडाचा झटका आला आणि सुमारे दीड वर्ष तो कोणाला ओळखतही नव्हता. मे १४५५ मध्ये सेंट ऑल्बन्सला सरदारांच्या फौजा प्रथम भिडल्या. १९६४ मध्ये ब्रिटिश अकादमीपुढे दिलेल्या व्याख्यानात मॅकफार्लेन यांनी या युद्धांचा अर्थ सांगितला तो असा, की बहुतेक सरदार शेवटपर्यंत लढाई टाळत होते. अभिषिक्त राजाविरुद्ध शस्त्र उचलणे म्हणजे जीव आणि जहागीर दोन्ही पणाला लावणे होते. परंतु तंटा मिटविणारा पंचच जागेवर नसेल तर प्रत्येकाला स्वतःचे रक्षण स्वतः करावे लागते. सरदार अतिप्रबळ झाले होते असे नव्हे, राजाचे बळ कमी पडले होते.

आक्षेप आणि पुढची वाट

मॅकफार्लेन यांची मांडणी आज अंतिम मानली जात नाही. त्यांच्यानंतरच्या काही अभ्यासकांनी सारे राजकारण मानधन, पदे आणि देणग्या यांच्या देवघेवीत बसविले. माणसे केवळ लाभासाठी वागत होती काय, असा प्रश्न मग एडवर्ड पॉवेल, क्रिस्टीन कार्पेंटर, जॉन वॉट्स यांच्यासारख्या इतिहासकारांनी उपस्थित केला. राजा म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, लोकहित कशात आहे, याविषयीच्या कल्पनांनाही त्या समाजात वजन होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. वॉट्स यांनी १९९६ मधील आपल्या ग्रंथात हेन्री सहाव्याच्या दरबाराकडे त्याच दृष्टीने पाहिले. राजाची इच्छाशक्तीच नसताना सरदार तिचा आभास उभा करून राज्य कसे चालवीत होते, हे त्यांनी दाखविले. पीटर कॉस यांनी १९८९ मध्ये अनौरस सरंजामशाहीची मुळे तेराव्या शतकापर्यंत मागे नेली. बर्ट्रम वुल्फ यांनी १९८१ च्या आपल्या चरित्रग्रंथात हेन्री सहावा निष्क्रिय नव्हता, उलट चुकीच्या दिशेने सक्रिय होता, असे प्रतिपादन केले.

आणखी एक आक्षेप कॅस्टरच्या कथेतूनच निघतो. एडवर्ड चौथा काही दुबळा राजा नव्हता. १४६९ च्या जूनमध्ये, कैदेत पडण्यापूर्वी, तो नॉरफॉकमध्ये आला होता. सफोकच्या ड्यूकच्या माणसांनी १४६५ मध्ये उद्ध्वस्त केलेले हेल्सडन येथील पास्टन यांचे घर त्याने जाता जाता पाहिले आणि दाद मागायची तर न्यायालयात मागा, अशा आशयाचे उत्तर देऊन तो पुढे गेला. त्या क्षणी राजाला बंडखोरांविरुद्ध ड्यूकांची गरज होती. पास्टन कुटुंबाची नव्हती. समर्थ राजाच्या राज्यातही न्याय सर्वांना सारखा मिळत नसे. सरदारांशी भागीदारी करून चालणाऱ्या कारभाराची किंमत बहुधा त्यांच्या खालच्यांना मोजावी लागे. मॅकफार्लेन यांची सहानुभूती सरदारांकडे झुकलेली होती, या टीकेत म्हणूनच तथ्य आहे.

तरीही त्यांनी दाखविलेली वाट बुजलेली नाही. सत्ता घटनेच्या कलमांत शोधण्याऐवजी ती माणसांच्या नात्यांत, जमिनीच्या हिशेबांत आणि परगण्यापरगण्यांतील तंट्यांत शोधायची, ही दृष्टी त्यांनी दिली. हुकूम कोणी काढला यापेक्षा तो कोणी पाळला आणि का पाळला, हा प्रश्न त्यांनी इतिहासाच्या मध्यभागी आणला. त्यांचे शिष्य जेरल्ड हॅरिस यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला १३६० ते १४६१ या काळातील इंग्लंडचा बृहद् इतिहास याच पायावर उभा आहे.

कॅस्टरचा किल्ला पास्टन कुटुंबाला अखेर परत मिळाला, पण न्यायालयाच्या निकालाने नव्हे. जानेवारी १४७६ मध्ये ड्यूक जॉन मोब्रे अचानक वारला. त्याला मुलगा नव्हता; मागे उरली एक लहान मुलगी. मॅकफार्लेन यांच्या आकडेमोडीतल्या त्या एक चतुर्थांशांत आणखी एका घराण्याची भर पडली आणि ज्या किल्ल्यासाठी तोफा डागल्या गेल्या होत्या, तो सात वर्षांनी पास्टन कुटुंबाच्या ताब्यात आला. राजाने जे करायला हवे होते, ते मृत्यूने केले.